बँड आम्ही टिकवला, मग तो आमचाच का नाही?

वाचकाचा प्रश्न (ओळखीचे तपशील वगळून, संक्षेपाने):

आम्ही चौघे मिळून एक छोटा अकूस्टिक, म्हणजे विजेवर न चालणाऱ्या वाद्यांचा, बँड चालवत होतो. मी गिटार वाजवतो, माझा धाकटा भाऊ व्हायोलिन वाजवतो, एक मैत्रीण गाते आणि एक मित्र काहोन (वर बसून हातांनी वाजवायचे पेटीसारखे तालवाद्य) वाजवतो. महामारीपूर्वी लहान सभागृहांत आमचे नियमित कार्यक्रम होत. मार्च २०२० मध्ये ते सगळे रद्द झाले. मी आणि भाऊ एकाच घरात राहतो, त्यामुळे आम्ही बँडच्याच नावाने दर आठवड्याला घरातून थेट प्रक्षेपण सुरू केले. गायिकेच्या आईला फुप्फुसांचा जुना आजार आहे. ती सुरुवातीला गाणी ध्वनिमुद्रित करून पाठवत असे, पुढे तेही थांबले, आणि निर्बंध सैल झाल्यावर मोकळ्या मैदानातील कार्यक्रमांनाही तिने नकार दिला. काहोनवादकाची रोजीरोटी ध्वनिव्यवस्थेच्या कामावर होती. ते काम बंद पडल्यावर त्याने दुसरी नोकरी धरली आणि तो गटावरच्या निरोपांना उत्तर देईनासा झाला. आमचे ऑनलाइन श्रोते मात्र वाढले, ऐच्छिक मानधन मिळू लागले, आम्ही नवी गाणी केली. त्यांतल्या दोन गाण्यांचे शब्द गायिकेने पूर्वी लिहून ठेवलेले होते. आता एका जुन्या सभागृहाने 'मूळ चौघांचा' कार्यक्रम मागितला आहे. गायिका यायला तयार आहे, पण 'माझे शब्द मला न विचारता वापरलेत' हे तिने बोलून दाखवले. भाऊ म्हणतो, कठीण काळात जे थांबले नाहीत त्यांचाच बँड. मलाही वाटते की बँड आम्ही दोघांनीच टिकवला, तरी तिच्याशी बोलताना अपराधी वाटते. चौघांना पुन्हा एकत्र आणावे, की तो बँड महामारीतच संपला असे मानून दोघांनी पुढे जावे?

उत्तर:

तुम्ही आणि तुमच्या भावाने त्या काळात जे केले ते कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. समोर एकही श्रोता नसताना, टाळी कानावर न पडता, फोनच्या कॅमेऱ्याकडे पाहत दर आठवड्याला वाजवायचे, आणि गाणे संपल्यावर पडद्यावर उमटलेल्या चार ओळी वाचून पुढचे गाणे सुरू करायचे, हे किती थकवणारे असते ते ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक. म्हणून तुमची भावना मला समजते. मात्र तुमचा प्रश्न ज्या हिशेबावर उभा आहे, तो हिशेब तपासावासा वाटतो. दोघे वाजवत राहिले आणि दोघे मागे राहिले, याचा अर्थ दोघांना बँड अधिक प्रिय होता आणि दोघांना कमी, असा तुम्ही नकळत लावला आहे. भावाने तो उघड बोलून दाखवला आणि तुम्ही मनात ठेवला, एवढाच फरक.

गायिकेचा विचार आधी करू. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका समूहगायन मंडळाचा सुमारे अडीच तासांचा सराव झाला. हजर असलेल्या ६१ जणांपैकी, चाचणीने निश्चित झालेले आणि लक्षणांवरून संभाव्य धरलेले मिळून, ५३ जण बाधित निघाले आणि दोघांचा मृत्यू झाला. त्या सरावाच्या दुसऱ्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने या साथीला महामारी म्हटले. पुढच्या काही आठवड्यांत ही घटना जगभरातल्या गाणाऱ्यांपर्यंत पोहोचली, आणि बंद खोलीत एकत्र गाणे ही ज्यांच्या रोजच्या जगण्यातली गोष्ट होती, त्यांना तिचीच भीती वाटू लागली. नंतरच्या प्रयोगांतून असे दिसले की आवाजाचा जोर जितका वाढतो, तितके श्वासावाटे बाहेर पडणारे सूक्ष्म कणही वाढतात, मग ते गाणे असो की बोलणे. अकूस्टिक बँडच्या सरावात बहुधा माइक नसतो, त्यामुळे गाणाऱ्याला गिटार आणि काहोनच्या वर स्वतःच्या दमावरच ऐकू जावे लागते.

आता चौघांची परिस्थिती शेजारी शेजारी ठेवून पाहा. तुम्ही मास्क बांधून गिटार वाजवू शकत होतात, भावाला व्हायोलिन वाजवताना मास्कची अडचण फारशी नव्हती आणि काहोनला तर ती मुळीच नव्हती. मास्कमागून गायचे म्हटले की शब्द बुजतात, लांब ओळीआधी खोल श्वास घेताना कापड ओठांना येऊन चिकटते आणि ओळ मध्येच तुटते. चौघांत तिचे एकटीचेच वाद्य श्वासावर चालणारे होते, आणि तोच श्वास घेऊन तिला रात्री आजारी आईच्या घरी परतायचे होते. मोकळ्या मैदानात धोका बराच कमी होता हे खरे आहे, परंतु मैदानातल्या एका तासाच्या कार्यक्रमामागे बंद खोलीतले सराव, एकाच गाडीतला प्रवास आणि मंचामागची गर्दी असते. तिने नकार दिला तो या सगळ्याला दिला असावा. तुम्ही तिला त्या वेळी कारण विचारले होते का, हे पत्रात कुठे आलेले नाही.

तुमच्या मनात आणखी एक गृहीतक दिसते, ते असे की ती निदान ऑनलाइन तरी तुमच्यासोबत राहू शकली असती. येथे भावनेपेक्षा ध्वनीचे गणित आडवे आले होते. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. मंचावर तुम्ही एकमेकांपासून तीन मीटरांच्या आत बसता, तेव्हा प्रत्येकाचा सूर दुसऱ्याच्या कानावर दहा मिलिसेकंदांच्या आत पडतो. साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर वादक सांभाळून घेतात, त्यापुढे लय सुटू लागते. नेहमीच्या व्हिडिओ कॉलमध्ये हा उशीर शंभर मिलिसेकंदांच्याही पुढे जातो. अनेक बँडनी सुरुवातीला हा प्रयोग करून पाहिला आणि तो साधारण सारखाच फसला. गायिका ओळ उचलते, गिटारवादक तिच्या आवाजावर कॉर्ड धरतो, ती कॉर्ड तिच्यापर्यंत उशिरा पोहोचते म्हणून ती किंचित थांबते, ती थांबली म्हणून तोही थांबतो, आणि अंतरा येईपर्यंत गाणे इतके रेंगाळते की दोघेही हसून किंवा चिडून सोडून देतात. शिवाय अशा कॉलमधली गोंगाट कमी करणारी यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असल्याने, गिटारचा लांबत जाणारा नाद ती पंख्याच्या घरघरीसारखी समजून कापून टाकते. जॅम्युलस आणि जॅकट्रिप यांसारख्या प्रणाली खास वादकांसाठी उपलब्ध होत्या, पण त्यांनाही वायरने जोडलेले इंटरनेट, वेगळा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि वाद्ये संगणकाला जोडणारे उपकरण) आणि एकमेकांपासून फार दूर नसलेली घरे लागतात.

उरला एकच मार्ग, तो म्हणजे प्रत्येकाने आपापल्या घरी कानात क्लिक ट्रॅक, म्हणजे लय दाखवणारी टिकटिक, घेऊन आपला भाग एकट्याने ध्वनिमुद्रित करायचा आणि कोणीतरी ते तुकडे जोडायचे. तिने तेही काही काळ केले. शेजारच्या खोलीत आजारी माणूस झोपलेला असताना पूर्ण आवाजात एकच कडवे पुन्हा पुन्हा गाणे तिला किती दिवस शक्य होते, याचा विचार करा. तुम्ही दोघे भाऊ एका छताखाली होता, म्हणून एकाच वेळी एका लयीत वाजवू शकलात. ही सोय बाकीच्या दोघांना मिळालीच नाही, आणि जी सोय मिळाली नाही तिच्यावरून कोणाची निष्ठा मोजता येत नाही.

काहोनवादकाबद्दल तुमच्या पत्रात जेमतेम दोन वाक्ये आहेत, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. कार्यक्रम बंद झाले तेव्हा वादकांचे मानधन गेलेच, पण केबल ओढणाऱ्या, मिक्सरवर बसणाऱ्या, स्पीकर चढवणाऱ्या माणसांचे सगळेच काम एका आठवड्यात थांबले, आणि ते परत येण्यासाठी सभागृहे पूर्ण उघडावी लागली. काही देशांनी मोठे निधी जाहीर केले. ब्रिटनने जुलै २०२० मध्ये १.५७ अब्ज पौंडांचा निधी जाहीर केला आणि अमेरिकेत डिसेंबर २०२० च्या कायद्याने बंद पडलेल्या रंगमंचांसाठी अनुदाने मंजूर झाली. तरी हे पैसे प्रामुख्याने संस्था आणि वास्तू वाचवण्यासाठी होते, आणि कार्यक्रमागणिक मजुरी घेणारा माणूस अशा योजनांच्या कडेलाच राहतो. ज्याचा पूर्वीचा दिवसच नाहीसा झाला आहे, त्याला गटावर 'या आठवड्याच्या प्रक्षेपणाला इतके लोक होते' असे निरोप येत राहिले तर तो काय उत्तर देणार? त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ तुम्ही 'रस संपला' असा लावला असेल, तर तो त्याच्याकडून तपासून घ्या.

'बँड आम्ही टिकवला' या वाक्यातले काय खरे आहे, तेही नेमके पाहायला हवे. नाव टिकले, श्रोत्यांशी संबंध टिकला, वाजवण्याची सवय टिकली. हे सगळे तुम्ही दोघांनी केले आणि त्याचे श्रेय निःशंकपणे घ्या. चौघांचा मिळून जो नाद होता, तो मात्र या काळात नव्हता. त्याच्या जागी गिटार आणि व्हायोलिन यांची एक वेगळी द्वयी तयार झाली, जिची चाल, वेग, गाण्यांची निवड सगळेच वेगळे असणार. माझ्या मते तुमच्या घरात महामारीत एक नवी गोष्ट जन्माला आली, आणि तिला जुने नाव दिल्यामुळे सगळा घोळ झाला आहे. भावाचे म्हणणे त्या नव्या गोष्टीबद्दल असेल, तर ते रास्त आहे. जुन्या बँडच्या नावाबद्दल मात्र मी त्याच्याशी सहमत नाही. जो थांबला त्याचा हक्क गेला, हा नियम आज तुमच्या सोयीचा आहे. उद्या तुमच्या मनगटाला दुखापत झाली किंवा घरात कोणी अंथरुणाला खिळले, तर तोच नियम तुम्हाला लागू होईल. असा नियम असलेल्या बँडमध्ये भावाला स्वतःला राहायला आवडेल का, हे त्याला जरूर विचारा.

ऑनलाइन श्रोत्यांच्या आकड्यांवर फार मोठा निर्णय उभारू नका, असेही सुचवेन. २०२० मध्ये लोक घरात अडकले होते आणि कलावंतांना मदत करण्याची उत्कट इच्छा त्यांच्यात होती. २० मार्च २०२० रोजी बँडकॅम्प या ऑनलाइन संगीतविक्रीच्या संकेतस्थळाने एका दिवसासाठी विक्रीतला आपला वाटा सोडून दिला, तेव्हा श्रोत्यांचा प्रतिसाद इतका भरघोस होता की असे शुक्रवार नंतर पुन्हा पुन्हा ठेवले गेले. त्या काळात आलेले ऐच्छिक मानधन तुमच्या वादनाला जसे होते तसेच त्या प्रसंगालाही होते. प्रक्षेपणाखाली दिसणाऱ्या संख्येत काही सेकंद डोकावून गेलेला माणूसही मोजलेला असू शकतो. आजही नियमाने ऐकणारे, नावाने ओळखता येणारे श्रोते किती उरले आहेत, ते पाहा. ते असतील तर तुमच्या द्वयीला खरा आधार आहे, आणि त्यासाठी जुन्या नावाची गरज पडणार नाही.

आता तुमच्या अपराधीपणाकडे येऊ. मला वाटते त्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत आणि त्यामुळे ते सुटत नाही. तुम्ही वाजवत राहिलात याबद्दल अपराधी वाटण्याचे काहीही कारण नाही. तुम्ही थांबला असता तर तिच्या आईचा धोका कणभरही कमी झाला नसता. तिचे शब्द तिला न विचारता वापरले, याबद्दल मात्र जे वाटते ते योग्यच आहे. बहुतेक देशांच्या कायद्यात गीताच्या शब्दांवर लिहिणाऱ्याचा आणि चालीवर ती बांधणाऱ्याचा हक्क असतो, आणि बँड एकत्र असो वा नसो, तो हक्क बदलत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, घरात कोंडल्या गेलेल्या माणसाने आपलेच शब्द पडद्यावर दुसऱ्याच्या तोंडून अचानक ऐकावेत, हे दुखावणारे आहे. ही गोष्ट कार्यक्रमाच्या चर्चेत गुंडाळून टाकू नका. तिला वेगळे भेटा, त्या दोन गाण्यांची नावे घेऊन 'हे विचारायला हवे होते' असे सरळ सांगा, आणि लगेच 'पण तेव्हा परिस्थिती अशी होती' हे जोडू नका. सोबत त्या गाण्यांवर मिळालेल्या पैशांचा हिशेब न्या. प्रक्षेपणाचे मानधन गाण्यागणिक वेगळे काढता येत नसेल, तर एक ठोस रक्कम तुम्ही सुचवा आणि ती मान्य करण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार तिच्याकडे ठेवा. पुढे ती गाणी कोण, कुठे, कोणाच्या नावाने सादर करील हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. वादकांच्या जगात याला स्प्लिट शीट म्हणतात आणि त्यासाठी अर्ध्या पानापेक्षा जास्त लागत नाही.

हे झाल्यावरच सभागृहाच्या निमंत्रणाचा विचार करा, आणि माझा कल ते स्वीकारण्याकडे आहे, मात्र एकाच संध्याकाळीपुरते. 'बँड पुन्हा सुरू करायचा का' हा प्रश्न त्या कार्यक्रमावर लादू नका. चौघांपैकी कोणालाही आज त्याचे उत्तर माहीत नसणार, आणि ते आधी मागितले तर जो तो आपापली बाजू मांडत बसेल. एका कार्यक्रमाला हो म्हणणे सोपे असते. काहोनवादकाला गटावर निरोप टाकू नका. फोन करा, आधी त्याची खुशाली विचारा, मग तारीख, सरावांची संख्या आणि मानधनाचा आकडा स्पष्ट सांगा. सरावाच्या वेळा त्याच्या नोकरीच्या वेळा पाहून ठरवा, कारण या चौघांत त्याच्याच वेळेला आता सर्वांत कमी मोकळीक आहे. वाद्य त्याच्याकडे राहिले आहे का, हेही आडवळणाने न विचारता विचारा. त्या काळात अनेक वादकांना वाद्ये विकावी लागली, आणि काहोन उसना मिळवणे फार कठीण नसते.

कार्यक्रमाची तारीख पक्की करण्यापूर्वी एक सराव असा करा की ज्यात काहीही ध्वनिमुद्रित होणार नाही. जुनी, सगळ्यांच्या हातात बसलेली गाणी घ्या. दीर्घकाळ पूर्ण आवाजात न गाणाऱ्या गळ्याची ताकद कमी झालेली असू शकते, म्हणून तिने सांगण्याची वाट न पाहता तुम्हीच दोन गाणी एका सुराने खाली वाजवून पाहा. तुम्ही दोघे भाऊ आता एकमेकांच्या इतक्या सवयीचे झाला असाल की तिसऱ्यासाठी जागा सोडायची असते हेच विसरला असाल. जिथे पूर्वी तिचा आलाप किंवा काहोनची दोन आवर्तने होती, तिथे व्हायोलिन आपोआप भरून काढील. भावाला ते तिथल्या तिथे, प्रेमाने दाखवून द्या. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे सांगितले, तरी आजारी आईसोबत राहणाऱ्या माणसाची सावधगिरी त्या तारखेला संपत नाही. सरावाची खोली हवेशीर ठेवा आणि ज्याला सर्दी आहे त्याने न येण्याची मुभा सगळ्यांसाठी ठेवा, म्हणजे ती मागण्याची वेळ तिच्यावर येणार नाही.

अशाच अवस्थेत असलेले आणखी बरेच बँड असतील, कारण कोणी गाव सोडले, कोणाचे मूल त्या दोन वर्षांत जन्मले, कोणी वाद्य कोपऱ्यात ठेवले ते ठेवलेच. त्यांनाही माझे हेच सांगणे आहे की नाव कोणाचे, गाणी कोणाची आणि बँडच्या खात्यातले पैसे कोणाचे, हे तीन विषय एकाच रागाच्या बैठकीत सोडवायला घेऊ नयेत. गाणी ज्याची त्याला द्यावीत, पैशांचा हिशेब कागदावर ठेवावा आणि नावाचा निर्णय सर्वांत शेवटी, सगळे हजर असताना करावा. ज्याला परत यायचे नाही त्याला तसे सांगण्याची सन्मानाची वाट असावी, आणि जुन्या ध्वनिमुद्रणांवरचे त्याचे नाव काढले जाऊ नये.

सभागृहाला आजच होकार कळवू नका. चौघांशी बोलून दोन आठवड्यांत सांगतो, असे कळवा. काहोनवादक आला नाही तर 'मूळ चौघे' या शब्दांखाली तिघांनी वाजवू नये, जाहिरातीत तिघांची नावे स्पष्ट छापायला सांगावीत. तुमच्या द्वयीची दोन गाणी कार्यक्रमात जरूर घ्या, तीही नव्या नावाने, आणि ते नाव भावाला ठरवू द्या.